तिसऱ्याचे शोधनिबंध

पुरस्काराची बातमी आत्याला एकाच दिवशी दोनदा कळली. सकाळी दादाचा फोन आला, दुपारी नानाचा. दोघांनीही आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, हवा फार कोरडी झाल्याची तक्रार केली आणि मग ओघात आठवल्यासारखं सांगितलं, की परदेशातल्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेनं आपल्याला आयुष्यभराच्या संशोधनाबद्दल मानपदक जाहीर केलंय. आत्यानं दोघांचंही तोंड भरून अभिनंदन केलं. एका भावाशी बोलताना दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, हे पथ्य तिनं इतकी वर्षं पाळलं होतं की एकच संस्था एकाच वर्षी एकाच घरात दोन पदकं कशी देईल, हा साधा प्रश्न तिला संध्याकाळी चहाचा कप विसळताना पडला.

त्याचं उत्तर घेऊन भाचीचा फोन आला. भाची म्हणजे नानाची मुलगी. बापाच्याच विषयात काम करायची, आणि संस्थेचं मानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी घरातली ती एकटीच.

"आत्या, घोळ झालाय. पदक एकच आहे."

"मग ते कोणाला आहे?"

"कोणालाच नाही. म्हणजे, जो नाहीच आहे अशा माणसाला आहे."

घोळ असा होता. दादा रक्तदाबावरचा मोठा माणूस. नाना संसर्गजन्य रोगांवरचा. आडनाव एक, वडील एक आणि वडिलांनी हौसेनं दोन्ही मुलांची नावं एकाच अक्षरावरून ठेवलेली. शोधनिबंधावर नावाची फक्त आद्याक्षरं छापली जातात, त्यामुळे तिथं दोघंही अक्षराअक्षरानं सारखेच दिसत. संशोधकांच्या कामाची मोजदाद ठेवणाऱ्या कुठल्याशा संगणकानं केव्हातरी दोघांचे निबंध एकत्र बांधले आणि त्यातून एकच प्रचंड विद्वान तयार केला. त्याची कीर्ती पाहून संस्था थक्क झाली. 'रक्तदाब आणि संसर्ग अशा दोन टोकांच्या क्षेत्रांत एकट्या माणसानं एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही,' असं मानपत्रात लिहिलं होतं.

"खरंच आहे ते," भाची म्हणाली. "दुसरं काय, पहिलंही नाहीये."

आत्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण दोघा भावांमध्ये पहिल्यांदा जे बिनसलं होतं, तेही ह्याच अक्षरांवरून.

तरुणपणी दोघांनी मिळून एकच अभ्यास केला होता. संसर्गाच्या वॉर्डातल्या रोग्यांचा रक्तदाब आधी तिथंच मोजायचा आणि बरे होऊन गेल्यावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासायचा. रोगी नानाचे, दाब मोजायचा दादानं. निबंध छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. संपादकांना वाटलं, टंकलेखकानं चुकून तेच नाव दोनदा मारलंय, म्हणून त्यांनी एक खोडलं. त्यांनी तसं कळवलंही, पण दोघांनाही ती सारवासारव वाटली. छपाईआधीची प्रत दादानं तपासली होती, म्हणून नानाला वाटलं, दादानं मुद्दाम डोळेझाक केली. निबंध पाठवला होता नानानं, म्हणून दादाला वाटलं, नानानं मुळात एकच नाव धाडलं. त्यानंतर दादा वॉर्डात फिरकला नाही आणि नानानं रक्तदाबाचं यंत्र हातात धरलं नाही. तो निबंध मात्र दोघांच्याही कामाच्या यादीत सगळ्यात वर राहिला, आपापला म्हणून.

ह्या भांडणाच्या आधारावर दोन्ही घरं छान उभी राहिली होती. दोन्हीकडे आत्याला मान होता, कारण पलीकडची बातमी फक्त तिच्याकडे असायची. ती विचारत कोणी नसे. तीच सांगे, आणि ऐकणारा दुसरीकडे बघत एकेक शब्द टिपून घेई.

रविवारी सकाळी दादाच्या घरी बसायचं ठरलं. संस्थेच्या चिटणीसबाई त्या दिवशी संगणकावरून समोरासमोर बोलणार होत्या आणि त्याआधी घरच्यांचं एकमत व्हायला हवं होतं. नानाला आणायची कामगिरी अर्थातच आत्यावर आली.

लिफ्टमध्ये नानानं खिशातून छोटी बाटली काढून हात चोळले. "ताई, मी फक्त एवढंच सांगायला येतोय, की त्याच्या निबंधांशी माझा संबंध जोडू नका."

"तेच तो तुझ्याबद्दल म्हणतोय."

"असं म्हणाला?" नाना दुखावला. "माझ्या निबंधांत त्याला वाईट काय दिसलं?"

दार वहिनीनं उघडलं. तिनं नानाकडे बघितलं, काहीतरी छानसं बोलायचं ठरवून आलेली असावी, पण तोंडातून निघालं ते, "चपला आत आणल्या तरी चालतील." नाना आत आला. दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर रक्तदाबाचं यंत्र होतं. दादाकडे येणाऱ्या कुठल्याही माणसाला आधी त्या यंत्रातून जावं लागे. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत कोणाला सूट नव्हती.

"बस," दादा म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द. "पाठ टेकव. पाय खाली. हात टेबलावर."

"मी रक्तदाब मोजून घ्यायला आलेलो नाही."

"बोलू नकोस. बोललं की आकडा चुकीचा येतो."

नाना बसला. दादानं त्याची बाही वर सारून पट्टा गुंडाळला. मोजण्याआधी रोग्यानं थोडा वेळ गप्प बसायचं असतं, हा दादाच्या तीन निबंधांचा विषय होता, त्यामुळे आता सगळेच गप्प बसले. आत्या बघत राहिली. दादाची बोटं नानाच्या मनगटावर होती. तेवढ्यात दादाला खोकला आला. कोरडा, घसा खरवडणारा, थांबता थांबेना असा. वहिनी पाणी घेऊन आली. नानाचा चेहरा एकदम बदलला. समोर भाऊ नसून रोगी बसलाय असं त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"खोकला कधीपासून आहे?"

"बोलू नकोस म्हटलं ना."

"ताप येतो? कफ पडतो? वजन उतरलंय?"

"काही नाही. कुठलं तरी इन्फेक्शन असेल," दादा म्हणाला, आणि 'इन्फेक्शन' हा शब्द त्यानं असा उच्चारला की जणू तो नानानंच घरात आणून सोडला होता. "दोनदा औषध घेऊन झालं. आकडा बघ तुझा. एकशे चौऱ्याहत्तर! गोळी घेतोस का काही?"

"तू कुठली घेतोस?"

दादानं गोळीचं नाव सांगितलं. नाना खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की आत्याला लहानपणी पतंग कापल्यावरचा नाना आठवला.

"दादा, ह्या गोळीनं खोकला येतो. कोरडा. शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. तूच लिहिलंयस त्यावर."

दादानं यंत्र बंद केलं, पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "तू वाचलास तो निबंध?"

"चाळला होता," नाना घाईघाईनं म्हणाला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण तेवढ्यात दादाचा मुलगा आला. हा भाचा हृदयरोगाचा डॉक्टर, स्वतःचं चकाचक क्लिनिक असलेला. पदकाची बातमी कळली त्याच संध्याकाळी त्यानं क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत बापाचा हार न घातलेला, पण हार घालण्याइतका मोठा फोटो लावला होता.

"हे बघा," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "आपण उगाच गुंता करतोय. पदकावर नाव बाबांचं आहे. नाही, काका, तुमचंही आहे, पण थोरले बाबा आहेत. बाबांनी जाऊन घेऊन यायचं. भाषणात तुमचा उल्लेख करायचा. भावाची साथ, वगैरे."

"साथ माझ्याच विषयात मोडते," नाना म्हणाला.

"आणि संस्थेला फसवायचं?" भाची आतापर्यंत खिडकीशी उभी होती. "पुढच्या महिन्यात माझ्या कायमच्या नेमणुकीचं ठरतंय. निवड समितीत ह्याच संस्थेचे दोघं आहेत. उद्या कोणी विचारलं, की घरात सगळ्यांना माहीत असताना गप्प का बसलात, तर मी काय सांगू?"

"म्हणजे तुझ्या नोकरीसाठी बाबांनी पदक सोडायचं?"

"तुझ्या फोटोसाठी माझ्या बाबांचं काम तुमच्या नावावर चढवायचं?"

वहिनी आजवर मुलाच्या बाजूनं असायची. पण फोटो हा शब्द आला तशी ती भाचीकडे वळली. "मलाही तो फोटो आवडला नाही हो. ह्यांचे कान किती मोठे दिसतात त्यात!" भाचा आईकडे बघतच राहिला. आत्यानं मनातल्या मनात नोंद घेतली: वहिनी पलीकडे गेली.

"संस्थेला आकडेच हवे असतील तर माझे निबंध वजा करून बघ," नाना दादाला म्हणाला. "तुझ्याकडे काय उरतं ते कळेल."

"आणि माझे वजा केले तर तुझ्याकडे जुलाब उरतात."

"जुलाबानं माणसं मरतात, दादा. रक्तदाबानं फक्त तुझ्यासारखी माणसं मोठी होतात."

"बाबा, मोठे काका, पुरे," भाची म्हणाली. "वजा करून मी बघितलंय. तुम्हा दोघांपैकी एकट्याचं काम त्यांच्या नियमात बसत नाही. एकत्र धरलं तरच बसतं."

ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. दादानं चष्मा काढून पुसला. नानानं पुन्हा हात चोळले. दोघांनाही आयुष्यभर एकच दुःख होतं, की जगानं आपल्याला दुसऱ्यापासून पुरेसं वेगळं ओळखलं नाही. आणि आता जगानं ओळखलं होतं ते दोघांना एक समजूनच.

एवढ्यात संगणकाची घंटी वाजली. चिटणीसबाईंचा हसरा चेहरा पडद्यावर आला. टेबलाच्या एका बाजूला दोन सारख्या नाकांचे म्हातारे पाहून त्यांना वाटलं, प्राध्यापकांनी कौतुकानं आपल्या भावाला शेजारी बसवून घेतलंय. भाचीनं सगळं नीट समजावून सांगितलं. बाईंचं हसू टप्प्याटप्प्यानं मावळलं. मग त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, की कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे, सभागृह ठरलं आहे, तेव्हा आपण जरा व्यवहारी विचार करू. कुटुंबानं दोघांपैकी एक नाव सुचवलं, तर मानपत्राचे शब्द थोडे सैल करता येतील. समितीला फार खोलात शिरायची गरज नाही.

भाच्याचा चेहरा उजळला. भाचीचा पडला. आत्या भावांकडे बघत होती. इतकी वर्षं ज्या नावासाठी दोघं झुरले, ते आता ताटात वाढून समोर आलं होतं. फक्त हात पुढे करायचा.

दादानं घसा साफ केला. "ह्याला द्या," तो म्हणाला, आणि नानाकडे बोट केलं.

आत्याच्या डोळ्यांत पाणी येणार, तोच नाना उसळला. "मला? का म्हणून? मला नको तुझी मेहेरबानी. त्याला द्या, बाई. तो थोरला आहे."

"मी थोरला आहे म्हणूनच मी देतोय."

"म्हणजे आयुष्यभर सांगत फिरायला बरं, की मी सोडलं म्हणून त्याला मिळालं!"

"तू काय वेगळं सांगणार होतास?"

"तुला घ्यावंच लागेल!"

"तूच घे!"

पडद्यावरच्या बाईंना ह्यातला शब्दही कळत नव्हता. त्यांना वाटलं, दोघंही पदकासाठी हातघाईवर आलेत. त्यांनी दोन्ही तळवे वर करून शांत राहण्याची विनंती केली. आत्या मात्र सगळं समजून चुकली. दादाचा मोठेपणा खरा होता आणि नानाचाही. पण दोघांनाही तो समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचा होता. घेण्यावरून एवढी वर्षं गेली. आता देण्यावरून उरलेली जातील.

आत्या भूलतज्ज्ञ होती. आयुष्यभर तिनं लोकांना भूल दिली आणि शस्त्रक्रियेचं श्रेय घेणाऱ्यांच्या शेजारी मुकाट्यानं नाडी बघत बसली. रोगी फार धडपडायला लागला की काय करायचं, ते तिला ठाऊक होतं. ती खुर्ची सरकवून पडद्यासमोर आली आणि बाईंना त्यांच्या भाषेत, अगदी सौम्य आवाजात म्हणाली, "दोघांनाही नको आहे. आपण पदक मागे घ्या. दोघांच्या नोंदी वेगळ्या करून आम्ही कळवतो. त्रासाबद्दल माफ करा." आणि तिनं बटण दाबून पडदा बंद केला.

नाना काळ्या पडद्याकडून आत्याकडे वळला.

"ताई," नाना शेवटी म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं?"

"हेच म्हणतो मी," दादा म्हणाला. "कोणी विचारलं हिला?"

"निर्णय आमचा होता."

"आमचा दोघांचा होता!"

"सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे तिला. लहानपणापासून."

"माझा पतंग हिनंच फाडला होता. तुला आठवतं?"

"तुझा? अरे, तो माझा होता! पण फाडला हिनंच."

दोघं एकमेकांकडे वळून बोलायला लागले. आत्याचे सगळे अपराध एकामागून एक बाहेर निघाले. कोणी विसरलं तर दुसरा आठवण करून देत होता. वहिनीनं मध्येच कॉफी आणली, ती दोघांनी प्यायली आणि आत्याच्या कपाकडे लक्ष द्यायचं कोणाला सुचलं नाही. भाचा खट्टू होऊन फोनमध्ये डोकं घालून बसला. भाचीनं आत्याचा हात दाबला. आत्याला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं? पण दादाच्या घरात भावांचा एकत्र आवाज तिनं शेवटचा कधी ऐकला होता, तेही तिला आठवेना.

संस्थेनं पदक रद्द केल्याचं थंड शब्दांत कळवलं. भाच्याच्या क्लिनिकमधला फोटो उतरला आणि तिथं हृदयाचं चित्र आलं, ज्याला कान नव्हते. भाचीची नेमणूक झाली. समितीनं मुलाखतीत त्या प्रकरणाबद्दल विचारलं आणि तिनं जे घडलं ते सांगितलं. समितीचे लोक इतके हसले की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच गेले, असं ती सांगायची.

मग तिनं दोघांना शेजारी बसवून निबंधांची वाटणी केली. एकेक मथळा वाचायचा, ज्याचा असेल त्यानं हात वर करायचा. काम भराभर झालं. दुसऱ्याचा निबंध ऐकताना दोघंही 'हा बरा होता' किंवा 'ह्यात माणसं कमी घेतलीत' असं काहीबाही बोलायचे. त्यावरून कळलं, की दोघांनी एकमेकांचे सगळे निबंध आल्या आल्या वाचलेले होते.

शेवटी एकच उरला. तो जुना, दोघांचा. त्यावर दुसरं नाव चढवायला मूळ मासिकाची संमती लागायची आणि ते मासिक बंद पडून जमाना झाला होता.

"त्याच्याकडे टाक," दादा म्हणाला.

"मला नको. त्याच्याकडेच राहू दे," नाना म्हणाला.

तेव्हा तो कोणाकडेच गेला नाही. संगणकानं तयार केलेला तो विद्वान आपल्या एकुलत्या एका निबंधासह तसाच राहिला. घरात सगळे त्याला 'तिसरा' म्हणायला लागले. गंमत अशी, की नव्या संशोधकांना दोघा भावांच्या उरलेल्या कामापेक्षा ह्या तिसऱ्याचंच काम जास्त लागायचं. "तिसऱ्याचं बरं चाललंय," भाची बातमी द्यायची आणि दोघं म्हातारे नाकं मुरडायचे, पण बातमी मागून घ्यायचे. तेही आता थेट. आत्याच्या मध्यस्थीची कोणाला गरज उरली नव्हती. दादानं गोळी बदलल्याचं आणि नानानं गोळी सुरू केल्याचं तिला सगळ्यांच्या मागून कळलं. पुष्कळ दिवस ते तिला डाचत राहिलं.

मग एका दूरच्या विद्यार्थिनीचं तिसऱ्याच्या नावानं भाचीकडे पत्र आलं. तिला तोच अभ्यास नव्यानं करायचा होता आणि निबंधात एक गोष्ट लिहायची राहिली होती. रोग्यांचा रक्तदाब मोजला तो बसवून, की झोपवून?

"बसवून," दादा म्हणाला. "मी कधी झोपवून मोजतच नाही."

"झोपवून," नाना म्हणाला. "त्यांना बसायची ताकद कुठली? रोगी माझे होते."

वाद हमरीतुमरीवर आला. रोज संध्याकाळी फोनवर, रविवारी टेबलाशी. अखेर दोघांनी आत्याला बोलावलं, कारण त्या काळात ती भूलशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती आणि सुट्टीच्या दिवशी दादाच्या मदतीला त्या वॉर्डात यायची.

आत्याला स्वच्छ आठवत होतं. पहिल्या वेळी रोगी झोपलेले असायचे. नंतरच्या प्रत्येक वेळी बसलेले. खिडकीजवळची खुर्ची, तिचा हलणारा हात, दादा त्या हाताखाली घडी घालून ठेवायचा तो टॉवेल, सगळं. तिनं दोघांच्या तोंडाकडे बघितलं. दोघंही पुढे झुकून बसले होते.

"नाही बाई आठवत," ती म्हणाली.

"बघ!" दादा म्हणाला.

"काय बघ? तुझ्या बाजूनं तरी कुठं बोलली ती?" नाना म्हणाला, आणि दोघांची पुन्हा जुंपली.

घरी आल्यावर आत्यानं भाचीकडून पत्ता घेऊन त्या मुलीला नीट लिहून कळवलं. आधी झोपवून, नंतर बसवून. खुर्ची कुठली आणि हात कुठं टेकवायचे तेही. खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि प्राध्यापकांची बहीण म्हणून ओळख दिली. मुलीचं लगेच उत्तर आलं. तिनं मनापासून आभार मानले होते आणि शेवटी विचारलं होतं, की प्राध्यापकांची प्रकृती कशी आहे?

आत्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, "चांगली आहे. रक्तदाब जरा चढतो मधूनमधून, पण खोकला पार गेलाय."